मेव्हण्याने प्रागहून आणलेली हिरवी बाटली

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना, हे तुम्हालाही कळेल. मेव्हण्याने प्रागहून ॲबसिंथ नावाच्या कडक हिरव्या दारूची बाटली आणली. रंग पोपटी, लेबलवर हिरवी परी, खाली ७० टक्के असा आकडा. एक मित्र म्हणाला, हिच्यावर शंभर वर्षं बंदी होती, पिऊन माणसाला भास होतात, चित्रकार व्हॅन गॉगने कान कापला तो हिच्यापायीच. दुसरा म्हणाला, आता मिळते ती दात काढलेल्या सापासारखी, असली माल वेगळाच होता. तिसऱ्याने तर सोयच सांगितली: काष्ठौषधीच्या दुकानात अफसंतीन नावाची वनस्पती मिळते, ती व्होडकात आठवडाभर भिजव, असली तयार. आता तुम्ही विचारताय की बाटली उघडावी का, आणि तिसऱ्याचं ऐकावं का.

तिसऱ्याचं ऐकू नका. का ते पुढे येईल. बाकीच्या दोघांचं अर्धं खरं आहे, आणि घोळ त्या अर्ध्यातच आहे.

मी हे कशाच्या जोरावर बोलतोय तेही सांगतो. रसायनशास्त्र शिकून पहिली सहा वर्षं मी सुगंधी तेलं काढणाऱ्या एका युनिटमध्ये होतो. फेब्रुवारी-मार्चात तिथे दवण्याचे भारे उतरायचे आणि आठ-दहा दिवस आमच्या कपड्यांना, डब्यातल्या पोळ्यांनासुद्धा दवण्याचा वास यायचा. त्यानंतरची सोळा वर्षं लायसन्सवाल्या डिस्टिलरीत, त्यातली बरीचशी जिन बनवण्यात गेली. ॲबसिंथ मी विकायला कधी बनवलेली नाही. प्रयोगाच्या बॅचेस मात्र काढल्यात, आणि तिच्या गावीही एकदा जाऊन आलोय.

दवण्याचं नाव उगाच काढलं नाही. जोतिबाला आपण वाहतो तो दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. ॲबसिंथ ज्या झाडापासून होते ते आर्टेमिसिया ॲबसिंथियम, युनानीतली अफसंतीन, इंग्रजीतलं वर्मवूड. म्हणजे दवण्याची चुलत बहीणच. फरक असा की दवणा गोड, फळासारखा वास देतो, आणि ही बहीण कडू जहर. सुकी अफसंतीन हातावर चोळून बघा: राखाडी हिरवा भुगा, पानांवर रेशमासारखी बारीक लव, वास कापराकडे झुकणारा. मग बोट जिभेला लावा. पुढचा अर्धा तास चहासुद्धा कडू लागेल.

आता मुद्दा. तुमचे प्रश्न दोन दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: बंदी नेमकी कशावर होती? ते कळलं की बंदी का उठली, मालात काय बदललं आणि बाटलीचं काय करायचं, हे सगळं ओळीने सुटतं.

ही दारू जन्मली स्वित्झर्लंडच्या नूशातेल प्रांतात, व्हाल-द-त्रावेर नावाच्या खोऱ्यात, कुव्हे या गावी, अठराव्या शतकाच्या अखेरीस. पहिली कृती कुणाची यावर तिथे अजून वाद घालतात. कुणी एका फ्रेंच डॉक्टरचं नाव घेतं, कुणी गावातल्या एका म्हातारीचं. आपल्याकडे मिसळ पहिली कुणाची यावर होतो तसलाच वाद. नक्की आहे ते असं की १७९७ च्या सुमारास ड्युबिए नावाच्या गृहस्थाने कृती विकत घेतली आणि त्याचा जावई आंरी-लुई पेर्नो याने १८०५ साली सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या पाँतार्लिए गावात कारखाना टाकला. कारण साधं होतं, जकात वाचत होती.

त्यानंतर अल्जीरियात लढणाऱ्या फ्रेंच सैनिकांना तापावर उपाय म्हणून ॲबसिंथ दिली जायची. ते चव घेऊन घरी परतले. १८६० नंतर फायलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधले द्राक्षांचे मळे पोखरले, वाइन महागली आणि बीट किंवा धान्याच्या स्वस्त स्पिरिटपासून बनणारी ॲबसिंथ गरिबाच्या पेल्यात आली. १९१० साली एकट्या फ्रान्समध्ये वर्षाला साधारण ३ कोटी ६० लाख लिटर खपत होती.

एवढा खप झाल्यावर दोन गोष्टी अटळच असतात. भेसळ येते आणि शत्रू उभे राहतात. हिरवा रंग खरं तर पानांतल्या हरितद्रव्याचा, पण तो आणायला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून हलक्या मालात मोरचूद जायचा. पाणी घातल्यावर येणारा दुधीपणा फसवून आणायला अँटिमनी क्लोराइड. असलं पाणी रोज चार-पाच पेले पोटात गेल्यावर माणूस वेडावला तर दोष अफसंतीनला का द्यायचा?

पण दोष तिलाच दिला गेला. पॅरिसच्या सेंत-ॲन मनोरुग्णालयातले डॉक्टर व्हालाँताँ मान्याँ यांनी गिनिपिगांवर प्रयोग केले. एका प्राण्याला अल्कोहोलची वाफ, दुसऱ्याला अफसंतीनच्या शुद्ध तेलाची वाफ. तेलवाल्याला झटके आले, अल्कोहोलवाला नुसता झिंगला. निरीक्षण खरंच होतं. निष्कर्ष मात्र घसरला. पेल्यात शुद्ध तेल नसतं. दालचिनीचं निव्वळ तेल जिभेवर ठेवलं तर कातडी भाजेल, म्हणून मसालेभातावर बंदी घालायची का? दुसरीकडे मळे सावरलेल्या वाइनवाल्यांना आपलं गिऱ्हाईक परत हवं होतं, आणि दारूबंदीच्या चळवळीतल्या बऱ्याच लोकांच्या लेखी वाइन ही दारू नव्हतीच, ते जेवणातलं निरोगी पेय होतं. अशी विचित्र युती झाली.

ठिणगी पडली २८ ऑगस्ट १९०५ ला. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातल्या कॉम्युनी गावात झाँ लाँफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायकोला आणि दोन मुलींना गोळ्या घालून मारलं. त्या दिवशी तो ॲबसिंथचे दोन पेले प्यायला होता, ही बातमी गाजली. त्यानंतर त्याने क्रेम द मांत, कोन्याक, ब्रँडी घातलेली कॉफी आणि वाइनचा पूरच पोटात ओतला होता, ही बातमी मागे राहिली. हा माणूस द्राक्षमळ्यात काम करायचा आणि दिवसाला काही लिटर वाइन पिण्याबद्दल ओळखला जायचा. पण ८२ हजार सह्यांचा अर्ज गेला तो फक्त ॲबसिंथविरुद्ध. १९०८ च्या सार्वमतात स्विस मतदारांनी बंदीला कौल दिला आणि ७ ऑक्टोबर १९१० पासून ती लागू झाली. अमेरिकेत १९१२, फ्रान्समध्ये मार्च १९१५, म्हणजे ऐन महायुद्धात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे. वर्मूथ हे नाव ज्या जर्मन शब्दावरून आलं त्याचा अर्थच अफसंतीन. तीच वनस्पती घातलेल्या त्या वाइनवर कुणी बंदी घातली नाही. आणि बंदीनंतर फ्रेंच माणूस शुद्धीवर आला म्हणावं तर तेही नाही. अफसंतीन वगळून बडीशेपेच्या चवीची पास्तिस आली आणि १९३० नंतर ती तितक्याच प्रेमाने प्यायली गेली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांवर कायदा आला, तेव्हाही तोंडात नीतीची भाषा आणि नजर अबकारीच्या महसुलावर होती. ते प्रकरण मोठं आहे, इथे त्यात शिरत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा: आतलं ‘औषध’ काढून टाकलंय का?

त्या औषधाचं नाव थुजोन. अफसंतीनच्या तेलातला हा घटक, वास कापूर-मेंथॉलसारखा. हा सेज नावाच्या मसाल्याच्या पानातही असतो. त्याची रचना पाहून १९७५ साली काहींनी अंदाज बांधला की तो गांजासारखा काम करत असेल. पुढच्या प्रयोगांत तो अंदाज टिकला नाही. २००० साली बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी खरी यंत्रणा दाखवली: मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारी जी गाबा नावाच्या रसायनाची व्यवस्था असते, तिला थुजोन अडवतं. म्हणजे डोस जास्त झाला तर झटके येतील. हिरवी परी दिसणार नाही.

मग प्रश्न डोसाचा. युरोपात आर्टेमिसियापासून केलेल्या दारूत थुजोनची मर्यादा किलोला ३५ मिलिग्रॅम आहे. हिशेब करून बघू. ७० टक्क्यांच्या ॲबसिंथचे ३० मिली म्हणजे साधारण साडेसव्वीस ग्रॅम. मर्यादेला टेकलेली बाटली धरली तरी त्यात थुजोन भरतं एका मिलिग्रॅमच्या आत. आणि त्याच पेगात शुद्ध अल्कोहोल किती? साडेसोळा ग्रॅम. म्हणजे साडेसोळा हजार मिलिग्रॅम. थुजोन तुम्हाला गाठेल त्याच्या कितीतरी आधी अल्कोहोल तुम्हाला आडवं करून टाकलेलं असेल.

‘पण पूर्वीच्या मालात जास्त असणार!’ हे मीही बरीच वर्षं मानत होतो. जुन्या कृतींवरून आकडेमोड करून लिटरला २६० मिलिग्रॅमपर्यंतचे अंदाज छापलेले असायचे. पण ते कागदावरचे आकडे, त्यात झाडातलं सगळं थुजोन पेल्यात येतं असं धरलेलं. २००८ साली बंदीपूर्व काळातल्या १३ सीलबंद बाटल्या उघडून तपासल्या गेल्या. सरासरी निघाली लिटरला २५.४ मिलिग्रॅम, सर्वांत जास्त ४८.३. सर्वांत कमी बाटलीत तर अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे जुन्या काळातल्या कितीतरी बाटल्या आजच्या कायद्यात जशाच्या तशा पास झाल्या असत्या.

म्हणून दुसऱ्या मित्राला सांगा, सापाचे दात काढलेले नाहीत, तसले दात त्याला नव्हतेच. जे चावत होतं ते ७० टक्के अल्कोहोल, आणि हलक्या मालातला मोरचूद.

बंदी उठली तीही कुणाला एकाएकी पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. आधी मोजमापाचा नियम आला, मग बंदीची गरज उरली नाही. १९८८ साली युरोपने खाद्यपेयांत थुजोन किती चालेल हे ठरवून दिलं, म्हणजे ‘ही दारू नको’ ऐवजी ‘एवढ्यापेक्षा जास्त नको’ अशी भाषा आली. फ्रान्सने १९१५ चा कायदा तसाच ठेवून ‘ॲबसिंथच्या वनस्पतीपासून केलेली दारू’ अशा आडवळणाच्या नावाने विक्री चालू दिली. मूळ कायदा रद्द व्हायला २०११ उजाडलं. स्वित्झर्लंडमध्ये बंदी थेट राज्यघटनेत होती. २००० साली नवी घटना आली तेव्हा ते कलम गळलं, पण खाद्यकायद्यातली बंदी राहिली. ती उठली १ मार्च २००५ ला. अमेरिकेने २००७ साली दार उघडलं ते थुजोन १० पीपीएमच्या (म्हणजे किलोला १० मिलिग्रॅमच्या) खाली असेल तरच, आणि लेबलवर भास-बीस सुचवणारी चित्रं नकोत या अटीवर.

ही शेवटची अट मला फार आवडते. कारण ज्या आरोपाखाली या दारूला फाशी दिली, तोच आरोप आज तिची जाहिरात झालाय. तुमच्या बाटलीवरची परी तेच काम करते आहे.

बंदीच्या काळात व्हाल-द-त्रावेरमध्ये दारू थांबली नाही, हे वेगळं सांगायला नको. स्वयंपाकघरात, तळघरात छोट्या भट्ट्या चालायच्या. रंग द्यायची पायरी सोडून दिली, म्हणून माल पाण्यासारखा पांढरा, त्याला तिथे ‘ब्लू’ म्हणजे निळी म्हणतात. मोतिए गावात ज्या इमारतीत कोर्ट भरायचं आणि या चोरट्या भट्टीवाल्यांना दंड व्हायचा, तिथेच २०१४ पासून ॲबसिंथचं संग्रहालय आहे. मी गेलो तेव्हा न्यायदानाच्या खोलीत आरामात उभा राहून नमुने चाखले. आपल्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तसं ‘ॲबसिंथ’ हे नाव फक्त आपल्या खोऱ्याचं असावं म्हणून या लोकांनीही धडपड केली. २०१० साली मिळालं, २०१२ साली स्विस न्यायालयाने काढून घेतलं, नाव आता सर्वसाधारण झालंय म्हणून. शंभर वर्षं लपूनछपून जपलेल्या लोकांना हे किती लागलं असेल, कल्पना करा.

इतिहास इथे थांबवतो आणि भट्टीकडे येतो. तिसऱ्या मित्राच्या सल्ल्यात चूक कुठे आहे, ते तिथेच दिसतं.

एकोणिसाव्या शतकातली पाँतार्लिएची एक कृती छापील मिळते. मी ती पाचव्या हिश्शाने केली: ८५ टक्के स्पिरिट १९ लिटर, सुकी अफसंतीन अर्धा किलो, ॲनिस एक किलो, बडीशेप एक किलो. ॲनिस म्हणजे आपली बडीशेप नव्हे. दाणा बारीक, चव गोड. ती मिळाली नाही की लोक चक्रीफूल टाकतात, तेल तेच निघतं पण चव जड येते आणि जीभ बधिर होते. हे सगळं रात्रभर भिजवायचं, सकाळी नऊ लिटर पाणी घालून पॉट स्टिलमध्ये, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात, चढवायचं. रात्रीच्या त्या भिजवणाचा एक थेंब मी चाखला होता. तपकिरी, आणि इतकं कडू की मदतनीस पोरगा माझं तोंड बघून हसत सुटला. तिसऱ्या मित्राची ‘असली’ ॲबसिंथ म्हणजे नेमकं हेच भिजवण.

स्टिल चालू झाली की जादू होते. कडूपणा देणारं ॲबसिंथिन हा जड रेणू आहे, तो वाफेबरोबर वर येत नाही, भांड्यातच राहतो. वर येतात ती हलकी सुगंधी तेलं. धार पडते ती स्वच्छ, काचेसारखी, वास बडीशेप आणि ओल्या डोंगरउताराचा. मी दर दहा मिनिटांनी वाटीत थोडी धार घेऊन त्यात पाणी घालून बघत होतो. शेवटी स्पिरिट उतरत गेलं की धार स्वतःहूनच पांढुरकी व्हायला लागते, उकडलेल्या भाजीसारखा वास येतो. तिथे थांबायचं असतं. मी हावरटपणाने आणखी दीड लिटर घेतलं आणि सगळ्या बॅचला वाळक्या गवताची चव लावून बसलो.

दुसरी शिक्षा पुढच्या आठवड्यात मिळाली. जिनच्या बॅचला बडीशेपेचा वास. स्टिल दोनदा वाफेने धुतली, तरी वास जाईना. शेवटी कळलं, रबरी गॅस्केटने तेल पिऊन ठेवलं होतं. गॅस्केट बदललं, आणि बॅच कुठल्या कामाला गेली हे विचारू नका.

रंग यानंतर देतात. धारेचा काही भाग घेऊन त्यात छोटी अफसंतीन, हिसप आणि लेमन बाम ही पानं कोमट गरम करून भिजवायची. हिरवा रंग येतो तो इथून, पानातल्या हरितद्रव्याचा. तो उन्हात टिकत नाही. महिन्या-दोन महिन्यांत मेंदीच्या रंगावरून वाळल्या पिंपळपानाच्या रंगावर येतो. जाणकार त्याला दोष मानत नाहीत, उलट खरेपणाची खूण मानतात.

तर, व्होडकात अफसंतीन भिजवू नका, कारण एक, ते ॲबसिंथ नव्हे, नुसता काढा आहे. दोन, ऊर्ध्वपातन आणि मोजमाप नसल्याने त्यात थुजोन किती उतरलं हे तुम्हाला सांगता येणार नाही, ते तुम्ही किती पानं घातली आणि किती दिवस ठेवली यावर जाईल. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी ‘तेलच घाल दोन थेंब’ म्हणालं तर. १९९७ साली अमेरिकेतलं एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं: ३१ वर्षांच्या माणसाने इंटरनेटवरून अफसंतीनचं तेल मागवलं, ॲबसिंथच समजून साधारण १० मिली प्यायला. झटके आले, स्नायू तुटले, मूत्रपिंडं निकामी झाली. त्याच्या बाबतीत मान्याँचा गिनिपिग खरा ठरला. घरी स्टिल लावणं तर आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, तो विचार मनात असेल तर इथेच सोडा.

हाताशी काही भिजवलेलं हवंच असेल तर गोव्यात दुकशिरी नावाच्या मुळीची फेणी मिळते. तिचं झाड वेगळं, धोका वेगळा, आणि चवीला ती माणसाला झेपेल अशी आहे.

आता तुमची बाटली. ती कशी आहे हे मी फोटोवरून सांगू शकत नाही, पण तुम्ही पाच मिनिटांत ठरवू शकता. मागच्या लेबलवर घटक वाचा. रंगाचे क्रमांक, म्हणजे इ-१०२, इ-१३३ असले काही दिसले तर हिरवेपणा डब्यातला आहे. पारदर्शक बाटलीत भडक पोपटी रंग दुकानाच्या दिव्याखाली टिकलाय, तर शंका घ्यायला जागा आहेच. पांढरी ॲबसिंथ मात्र खरी असू शकते, रंग नाही म्हणून नाक मुरडू नका.

खरी परीक्षा पाण्याची. पेल्यात ३० मिली घ्या आणि बर्फगार पाणी अगदी बारीक धारेने सोडा. बडीशेप आणि ॲनिसमधलं ॲनेथॉल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ते सूक्ष्म थेंबांनी बाहेर पडतं आणि पेला ढगाळतो. डेटॉल पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं, तोच प्रकार. चांगल्या मालात हे एकदम होत नाही. आधी तळाशी तेलकट रेघा फिरतात, मग पांढरा थर चढत चढत वर येतो, वर एक बारीक स्वच्छ पट्टा उरतो, आणि तो गेला की पाणी पुरे झालं समजायचं. साधारण एका भागाला तीन ते पाच भाग पाणी. शेवटचा रंग पातळ ताकाचा, किंचित हिरवट झाक.

प्रागची म्हणून आधीच सावध करतो. १९९० नंतर चेक प्रजासत्ताकात एक वेगळाच प्रकार बाजारात आला, ज्यात ॲनिस-बडीशेप नसते किंवा नावाला असते. ती ढगाळत नाही. आणि ढगाळत नसल्यामुळे टेबलावर तमाशा काय दाखवायचा, म्हणून साखरेचा खडा भिजवून पेटवायची टूम निघाली. जुन्या पॅरिसमध्ये असं कुणी करत नव्हतं. तिथे पेल्यावर जाळीचा चमचा, चमच्यावर साखर, साखरेवर थेंब थेंब पाणी, एवढंच. पेटवल्याने चव जळकी होते, आणि ७० टक्क्यांच्या पेल्याशेजारी आग खेळवणं मूर्खपणा आहे. आगीचं तर या दारूला वावडंच. ११ ऑगस्ट १९०१ ला पाँतार्लिएच्या पेर्नो कारखान्यावर वीज पडली, स्फोट टाळायला टाक्या मोकळ्या केल्या आणि लाखो लिटर दारू दू नदीत गेली. दोनेक दिवसांनी काही मैल लांब असलेल्या लू नदीच्या उगमाशी ॲबसिंथचा वास यायला लागला. लू हे दू नदीचंच जमिनीखालून गेलेलं पाणी आहे, हे भूगोलवाल्यांना त्यातून उमगलं.

पिण्याबद्दल माझा सल्ला असा. ३० मिली म्हणजे आपल्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या दीड छोट्या (३० मिलीच्या) पेगाहून जास्त, हे डोक्यात ठेवून मोजा. पाण्यामुळे पेला मोठा आणि सौम्य लागतो, तिथेच माणूस फसतो. संध्याकाळी एक, फार तर दोन. पाण्याशिवाय कधीच नाही. घरात कुणाला फिट्स येत असतील किंवा कुणी गरोदर असेल, तर त्यांच्यासाठी ‘थोडीशी चव’ हा प्रकारही नको. फिट्सवरची, झोपेची किंवा लिव्हरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मला नको. आणि महाराष्ट्रात वय २५ आणि परमिट हे नियम परीच्या बाटलीलाही लागू आहेत.

चवीचं म्हणाल तर ते सर्वस्वी तुमच्यावर. जेवणानंतर मूठभर बडीशेप खाणाऱ्या माणसाला ही लगेच आवडते, असं मी पाहिलंय. ज्याला बडीशेपेचा वास नको त्याला कितीही खरी दिली तरी तो खोकल्याचं औषध म्हणणार. माझी बायको तेच म्हणते.

पाणी घातल्यावर पेला ढगाळला का, ते कळवा. ढगाळला तर बाटली कपाटात, अंधारात, उभी ठेवा. नाही ढगाळला तरी मेव्हण्याला काही बोलू नका, त्याने तेवढं ओझं प्रागहून वाहून आणलंय. त्याच्यासमोर एक पेग घ्या आणि उरलेली केकात चमचा चमचा संपवा.